मार खाल्ल्याची खुर्ची

वेळसोंड्यात ज्याच्या ओटीवर लाल प्लास्टिकची खुर्ची दिसेल, त्याने लहानपणी गावच्या दत्तात्रेयाचा, म्हणजे दत्ताचा, मार खाल्ला आहे असं खुशाल समजावं. अशा चाळीसएक खुर्च्या गेल्या माघ महिन्यात गावभर वाटल्या गेल्या. कुणी तिच्यावर बसून दात घासतं, कुणी तिच्यावर सोललेल्या सुपाऱ्यांचं सूप ठेवतं. सोनूबाई कोळणीने तर खुर्चीचं वेष्टणही काढलेलं नाही, तशीच देव्हाऱ्याशेजारी मांडली आहे. आणि ज्याच्या ओटीवर खुर्ची नाही, त्याच्याकडे आल्यागेल्याने कीव केल्यासारखं बघावं, अशी वेळ गावावर येऊन ठेपली.

अनंता गिरणीवाल्याच्या ओटीवर खुर्ची नव्हती. त्याच्या जिवाला हेच लागून राहिलं होतं. कारण दत्ताच्या माराचा पहिला मान कोणाचा असं कुणी अनंताला झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी त्याने छातीवर हात मारून स्वतःचंच नाव सांगितलं असतं.

अनंता चौपन्न वर्षांचा. बोर्ली पंचतनकडून गावात शिरताना डाव्या हाताला त्याची पिठाची गिरण. भुवया, पापण्या, कानातले केस बारा महिने पांढरे, त्यामुळे तो म्हातारा कधी व्हायला लागला हे गावाला कळलं नाही आणि त्यालाही नाही. माणूस तसा गरीब. मोदकाचं पीठ, घावनाचं पीठ आणि भाकरीचं पीठ चिमटीत धरून डोळे मिटून ओळखायचा. समुद्र गिरणीपासून हाकेच्या अंतरावर, पण चव्वेचाळीस वर्षांत अनंताने त्यात पायाचा अंगठाही बुडवला नव्हता. का म्हणून विचारलं, की चालत्या पट्ट्याच्या वर आवाज काढून तो ओरडायचा, "पुरलं होतं मला! दत्तानं! जित्तं!"

गोष्ट अशी होती. गोकुळाष्टमीचा दिवस, शाळेला सुट्टी. अनंता चौथीत होता आणि दत्ताही चौथीतच होता, पण तिसऱ्यांदा. त्याला मिसरूड फुटायला आलेलं. दत्ताने अनंताला वाळूत खड्डा खणायला लावला, त्याच खड्ड्यात बसवलं, गळ्यापर्यंत वाळू लोटली, वरून नीट थापून घेतली आणि भर बाराला घरी जेवायला निघून गेला. समोरून भरती येत होती. यापुढची गोष्ट गिऱ्हाइकाच्या दळणावर अवलंबून असे. दोन किलो तांदूळ असतील तर पाणी येई आणि अनंता बाहेर पडे. पायलीभर असतील तर मध्ये एक खेकडा येई आणि अनंताच्या नाकावर चढून चहूकडे बघे. लग्नाघरचं दळण असेल तर खेकड्याची बायकापोरंही येत. वर्षागणिक पाणी चढत गेलं. अनंताचं लग्न झालं तेव्हा ते छातीशी होतं. मुलगी रुचिता बारावीला बसली तेव्हा हनुवटीला लागलं. गेल्या दिवाळीपर्यंत ते नाकातोंडात शिरून परत निघालं होतं. शेवट तेवढा कधी बदलला नाही. "अंगात कायतरी संचारलं आन मी आपला आपण वर आलो!"

गिऱ्हाइकं माना डोलवीत. गिरणीच्या घरघरीत निम्मं ऐकू येत नसे आणि राहिलेलं निम्मं पाठ होतं.

अनंताचं अख्खं आयुष्य त्या खड्ड्यातून निघालं होतं. दहावीला गणित राहिलं, ते खड्ड्यामुळे. एसटीत कंडक्टरची नोकरी हुकली, खड्ड्यामुळे. हिंमतच खचली होती ना! खड्डा नसता तर आपण आज श्रीवर्धनला कचेरीत पंख्याखाली बसलो असतो, असं तो शपथेवर सांगे. त्याची बायको कमळ म्हणे, "आन मी? मी पन खड्ड्यातच गावली काय तुमाला?" यावर मात्र तो गिरणीचा पट्टा चालू करी.

आणि तो दत्ता? तो आता दत्ताशेठ. सुपारीची वाडी, समुद्राकडे तोंड केलेलं चार खोल्यांचं होमस्टे, पांढरा टेम्पो, खिशात दोन मोबाईल. मारणं त्याने केव्हाच सोडलं होतं, कारण आता लोक न मारताच ऐकत. त्याचं दळण अनंताकडेच यायचं. अनंता ते मुद्दाम जाडसर दळायचा. चव्वेचाळीस वर्षांत घेतलेला सूड तो एवढाच. पण दत्ताशेठला जाड पिठाच्या भाकरीची गोडी लागली आणि तो चारचौघांत सांगू लागला की, दळावं तर अनंतानं!

तर गेल्या दिवाळीनंतर या दत्ताशेठची साडेसाती सुरू झाली. एकाच मोसमात पुण्याच्या तीन पाहुण्यांच्या तीन गाड्यांच्या काचांवर तीन वेगवेगळ्या माडांचे तीन नारळ पडले. विहिरीचं पाणी मचूळ झालं. पाहुण्यांना संध्याकाळी बागेत बसायला म्हणून त्याने साठ लाल खुर्च्या मागवल्या, तर माणूस बसला रे बसला की खुर्चीचे चारही पाय वाळूत जात आणि पाहुणा हातात चहाचा कप घेऊन हळूहळू खाली जाई. कोंबडा दुपारी दोनला आरवू लागला. शेवटी दत्ताशेठने ग्रामदेवीला कौल लावला.

कौल म्हणजे काय, तर गावचा गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गुरवाने विचारलं, वास्तूचा दोष आहे का? डावी पडली. पितरांचं काही राहिलं का? डावी. कुणाचा तळतळाट आहे का? उजवी, आणि ती पण टपकन. मोठेपणीचा? डावी. लहानपणचा? गुरवाचं वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी कळी त्याच्या पायावर पडली. सगळ्यांनी दत्ताशेठकडे बघितलं. दत्ताशेठने छताकडे बघितलं.

मग उपाय ठरला. लहानपणी ज्याला ज्याला त्रास दिला, त्याच्या उंबऱ्याबाहेर अनवाणी उभं राहायचं, पानसुपारीचा विडा आणि नारळ पुढे करायचा, काय केलं ते तोंडाने सांगायचं आणि माफी मागायची. समोरच्याने मोठ्याने "माफ केलं" म्हणायचं. गुरवाने ऐकायचं. सगळे पुरे झाले की शेवटचा कौल. एकानेही नाही म्हटलं तर सगळं फुकट.

दत्ताशेठ हाडाचा व्यवहारी. त्याने विडा-नारळासोबत एकेक खुर्चीही द्यायची ठरवली. खुर्च्यांची अडगळ जाईल आणि देवीलाही वाटेल की मनापासून करतो आहे.

टेम्पोत मागे खुर्च्यांची चळत, पुढे गुरव आणि दत्ताशेठ, असा तो दौरा निघाला. पहिलं घर सोनूबाईचं. "सोनूबाय, तुझ्या वेणीत मी जित्ता खेकडा सोडला होता. माफ कर." सोनूबाई म्हणाली, "एक न्हवं, दोन सोडलेस." दत्ताशेठने मुकाट्याने दुसरी खुर्ची उतरवली. हमदुल्ला कुवेतला, म्हणून त्याच्या अम्मीच्या दारात उभं राहून दत्ताशेठने मोबाईलवर त्याचं तोंड बघत माफी मागितली. हमदुल्ला म्हणाला, "माफ केलं रे, पण अम्मीची कंबर दुखतंय, तिला हातवाली खुर्ची दे." प्रणय नावाचा चोवीस वर्षांचा गडी पुढे आला. मार त्याच्या बापाने खाल्लेला आणि बाप वारलेला, पण वारस म्हणून खुर्ची आपली, असं त्याचं म्हणणं. देवीला विचारलं. उजवी पडली.

झालं! दुसऱ्या दिवसापासून होमस्टेच्या फाटकावर रांग. ज्यांचा जन्म दत्ताच्या लग्नानंतरचा, तेही मार खाल्ल्याचं सांगू लागले. शेजारच्या गावचे दोघे रिक्षा करून आले. तेव्हा गुरवाने नियम काढला. दत्ताशेठला स्वतःला आठवत असेल तर ठीक, नाहीतर डोळ्यांनी बघितलेला साक्षीदार आणा. खोटी माफी देवीला चालत नाही.

इकडे अनंता पहिल्या दिवसापासून तयार होता. त्याने नवा सदरा शिवून घेतला होता. गिरण बंद करून तो रोज दहा वाजता आंघोळ करून ओटीवर बसे. काय बोलायचं ते त्याने पाठ केलं होतं, आणि ते "माफ केलं" नव्हतं. दत्ता हात जोडून उभा राहील, गुरव कान देईल, गल्ली गोळा होईल, आणि मग अनंता शांतपणे म्हणणार होता, "न्हाय. मी माफ करत न्हाय." बस. इतक्या घरांनी दिलेली माफी त्या एका नकाराने पाण्यात जाणार होती. आयुष्यात पहिल्यांदा दत्ताची दोरी अनंताच्या हातात येणार होती. या विचाराने त्याला रात्री गोड झोप लागत असे आणि सकाळी भूक.

"आदी त्यांना येऊ तर द्या," कमळ म्हणायची.

टेम्पो डावीकडच्या घरी थांबला. उजवीकडच्या घरी थांबला. समोरच्या घरी तर एकाच कुटुंबात तीन खुर्च्या उतरल्या. अनंताच्या दारावरून टेम्पो नऊ वेळा गेला आणि नऊही वेळा दत्ताशेठने हात वर करून "काय अनंता, बरा हाय ना?" केलं. मग एक दिवस गावात बातमी आली की यादी संपली.

अनंता नव्या सदऱ्यातच होमस्टेवर गेला. दत्ताशेठ तळपायांना तेल चोळत बसला होता.

"दत्ता, संपले काय रे सगळे?"

"संपले बाबा. एकेचाळीस. पाय गेले माझे."

"कोन ऱ्हायलं-बियलं न्हाय?"

"न्हाय. कोन हाय काय?"

अनंताने घसा साफ केला. "मी."

"तू काय?"

"मला पुरलास की तू! वाळूत! गोकुळाष्टमीला!"

दत्ताशेठने तेलाचा हात तसाच हवेत धरला आणि अनंताकडे पाहिलं. त्याचं तोंड खरोखरच प्रामाणिक दिसत होतं, आणि अनंताला तेच सहन होईना. "अनंता, तुला मी कशाला पुरीन? तू तर आपल्यातला. मी पोरांना बुकलायचो, तू जोडीला असायचास."

"मी?"

"तर! हिसकावलेल्या कैऱ्या कोन राखायचं? तू." दत्ताशेठ प्रेमाने हसला. "हे बघ, तुला खुर्ची पायजे तर अशीच घे. उरल्यात."

"खुर्ची नको मला!" अनंता ओरडला, आणि गिरण चालू नसतानाही त्याचा आवाज गिरणीतल्याइतकाच मोठा निघाला. "मला माफी पायजे!"

"मग साक्षीदार आन. गुरवाचा नेम हाय, मी काय करू?"

अनंताला वाटलं, साक्षीदारांना काय तोटा! अख्ख्या गावाला ठाऊक आहे. तो दारोदार फिरला. प्रत्येक जण म्हणे, व्हय व्हय, पुरलं होतं, खेकडा आला होता. आणि मग, "तू पाह्यलंस काय?" असं विचारलं की उत्तर एकच. "न्हाय बा. तूच सांगितलंस की, दळताना." चव्वेचाळीस वर्षांत त्याने गावाच्या कानात जे ओतलं होतं ते सगळं गावाने जसंच्या तसं त्याला परत दिलं. गुरव म्हणाला की ऐकीव चालणार नाही. अनंताला आता रात्री झोप येईना. आपण खरंच पुरले गेलो होतो ना, अशी त्याची त्यालाच शंका यायला लागली. एवढा एक खड्डा त्याच्या नावावर होता आणि तोही लोक काढून घेत होते.

शेवटी त्याने हमदुल्लाला कुवेतला फोन लावला. "मी त्या टायमाला मामूकडं मुरुडला होतो," हमदुल्ला म्हणाला. "पन तुझ्या मागंमागं एक पोरगा असायचा बघ. बारीकसा. शिवदास. तो असंल तिथं."

शिवदास! अनंताला तो आठवला, पण पोरगा म्हणून नाही, आजचा. गावाच्या पार टोकाला राहणारा, माडांवर चढून नारळ उतरवणारा, कमी बोलणारा माणूस. शाळेत दोन वर्षं मागे होता म्हणे. दत्ताशेठची खुर्ची त्यालाही मिळाली होती. त्याच्याशी अनंताचा संबंध असा नव्हताच. सगळा गाव अनंताकडे दळायचा, हा एकटा पिशवी घेऊन एसटीने बोर्लीला जायचा. तिकडची गिरण बारीक दळते अशी याची समजूत असेल, असं म्हणून अनंताने ते सोडून दिलं होतं.

शिवदास अंगणात बसून माडावर चढताना पायात घालायचा दोर वळत होता. अनंताने सगळं सांगितलं. शिवदासने दोर खाली ठेवला नाही.

"मी होतो तिथं," तो म्हणाला.

अनंताला आनंदाने रडू यायचं बाकी राहिलं. "मग चल! मंगळवारी शेवटचा कौल हाय, देवळात सांग!"

"जे पाह्यलं ते सांगू?"

"सगळं सांग! कायपन लपवू नको!"

"सगळं?" शिवदासने मान वर केली.

"आईची शपथ घालतो तुला. सगळं!"

मंगळवारी देवळाच्या अंगणात ही गर्दी. बसायला काही नसतं म्हणून लोकांनी आपापल्या खुर्च्या डोक्यावर घालून आणल्या होत्या. ज्यांनी मार खाल्ला होता ते सगळे पुढे ऐटीत बसले, आणि ज्यांना कुणी कधी हात लावला नव्हता ते बिचारे मागे भिंतीला टेकून उभे. अनंताही उभाच होता, पण आता तासाभराचा प्रश्न होता. नवा सदरा धुवून, इस्त्री करून घातलेला. पाठ केलेला नकार जिभेच्या टोकावर.

गुरवाने शिवदासला देवीपुढे उभं केलं. शिवदासने हात जोडले आणि गर्दीकडे न बघता, आंब्याची पेटी कशी भरायची ते सांगावं तशा आवाजात सांगायला सुरुवात केली.

"गोकुळाष्टमी होती. दत्तानं ह्याला पुरला, हे खरं हाय. गळ्यापतूर. मी केवड्याच्या मागं लपलो होतो. दत्ता जेवाया गेला."

दत्ताशेठ गहिवरला. "बघा! आन मला कायपन आठवत न्हाय!"

"मग हा रडाया लागला. म्हनून मी आलो आन हातानं वाळू काढली. नखं गेली माझी दोन. हा वर आला."

देवळात जरा चुळबुळ झाली. आपला आपण वर आलेला अनंता सगळ्यांनी शेकडो वेळा ऐकला होता. सोनूबाईने खुर्चीवरूनच विचारलं, "आन भरती केवडी आली होती?"

"भरती न्हवती. पानी लांब होतं."

सोनूबाईने बोटांवर मोजलं. "अष्टमी. अष्टमीला दुपारी बाराला सुकती असते. भरती सांजच्याला सहाला. अरं अनंता, मेल्या, चव्वेचाळीस वर्सं तू आमाला अष्टमीच्या दुपारी भरती दाखवलीस?" अख्खा गाव समुद्रावर जगणारा, पोरंसोरंसुद्धा तिथीवरून भरतीची वेळ सांगणारी, आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. लोक इतके हसले की दोन खुर्च्या उलटल्या. अनंताचे कान लाल झाले, पण साक्ष झाली होती. पुरणं खरं ठरलं होतं. तो पुढे सरकला.

"माझं व्हयाचं हाय," शिवदास म्हणाला. "सगळं सांग म्हनून शपथ घातलीय."

हसू थांबलं.

"हा वर आला, अंगावरची वाळू झाडली, आन मला मारलं. हा म्हनाला, मी रडलो ते कोनाला सांगशील काय. मी सांगनार न्हवतो. दुसऱ्या दिवशी परत मारलं. मग रोज. माझी भाकरी हा खायाचा. ह्याचं दप्तर मी न्यायचो. पावसात मला शाळेच्या पागोळीखाली उभा करायचा, घंटा होईपतूर. मी आठ वर्सांचा होतो. हा सातवीला जाईपतूर चाललं. तेव्हापासनं मी ह्याच्या दारात जात न्हाय. दळायलापन न्हाय." त्याने हात सोडले. "झालं."

गुरवाने नुसतं, साक्ष ग्राह्य आहे, असं पुटपुटून वहीत बेचाळिसावं नाव लिहिलं. दत्ताशेठ लगबगीने चपला काढून विडा-नारळ घेऊन पुढे आला. "अनंता, तुला मी वाळूत पुरला. माफ कर बाबा."

हाच तो क्षण. गुरवाने कान दिला. अनंताच्या डोळ्यांपुढे दत्ता नव्हताच. त्याला वाटत होतं, शिवदास खोटं बोलतो आहे. मग वाटलं, हा माणूस आयुष्यात कधी खोटं बोललेला नाही. आणि पागोळीखाली भिजणारं ते पोर आठवायचा तो जिवापाड प्रयत्न करत होता आणि त्याला काहीएक आठवत नव्हतं.

"माफ केलं," तो म्हणाला. चालत्या एसटीतून उतरल्यासारखं त्याने ते घाईघाईने उरकलं. त्याला फक्त तिथून निघायचं होतं.

कौलाची उजवी कळी लगेच पडली. दत्ताशेठने खुर्ची आणून अनंताच्या मागे लावली आणि खांदे दाबून त्याला तिच्यावर बसवलं. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. लोक शिवदासभोवती गोळा झाले होते.

घरी कमळने ताट वाढलं आणि समोर बसली. "एवडी वर्सं तुमचा खड्डा ऐकला मी. एक डाव त्या पोराचं नाव न्हाय घेतलंत."

"मला आठवत न्हाय गं. देवीशपथ आठवत न्हाय."

"दत्ताशेठना तरी कुठं आठवत होतं," कमळ म्हणाली आणि उठून आत गेली.

अनंताला लाज वाटली. नुसती लाज नव्हे, भीतीही वाटली. आपण चांगले, आपल्यावर अन्याय झालेला, हे एवढं एक धरून तो जगला होता. आता हातात काय राहिलं तेच त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्याने गिरण उघडली नाही. विडा बांधला, नारळ घेतला, चपला घरीच ठेवल्या आणि गावाच्या टोकापर्यंत अनवाणी गेला. आयुष्य माडांवर काढलेल्या माणसाला आपण नारळ द्यायला निघालो आहोत, हे त्याला अर्ध्या वाटेत सुचलं. पण रीत ती रीत. गुरवाला आणायची त्याची छाती झाली नाही.

शिवदास दाराशी कोयता घासत होता. अनंता उंबऱ्यापासून चार हात लांब उभा राहिला आणि त्याने विडा-नारळ पुढे केला.

"शिवदास, मी तुला मारलं. तुझी भाकरी खाल्ली. पावसात उभा केला. मला आठवत न्हाय, पन तू म्हनतोस म्हंजे केलं. माफ कर."

शिवदासने कोयत्याच्या धारेवर अंगठा फिरवला. "दत्ताला केलं मी माफ."

"व्हय ना. मग मला?"

"दत्ता सगळ्यांनाच मारायचा. हातात येईल त्याला. कोन हाय तेपन बघायचा न्हाय." तो शांतपणे बोलत होता. "तू मलाच मारायचास. अख्ख्या शाळेत मला एकट्याला. हुडकत यायचास."

अनंताचा पुढे केलेला हात भरून आला, पण खाली घ्यावा की नाही ते त्याला समजेना.

"आईला इचारलं होतं मी," शिवदास म्हणाला. "म्हटलं, हा मलाच का मारतो? ती म्हनाली, तू त्याला वाळूतनं काढलास ना, म्हनून. मग मी रोज शाळंत जाताना एकच म्हनायचो. काढला नसता तर बरं झालं असतं. तिथंच ऱ्हायला असता तर बरं झालं असतं." त्याने पहिल्यांदा अनंताच्या डोळ्यात पाहिलं. "आठ वर्सांचा होतो मी. कोन मरावं असं कधी वाटलं न्हवतं मला. तुझ्यापायी वाटलं. ते कसं माफ करू, तूच सांग."

शिवदास पुन्हा कोयता घासायला लागला. त्याने अनंताला बस म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही.

शाळेची बाराची घंटा होईपर्यंत अनंता तिथे उभा होता.